घरचीं यंत्रें : जुन्या फियाटचें इंजिन — बांधावें कीं बदलावें ?

ज्या घरांत वडील माणसें असतात त्या घरांत बहुधा एखादें वडीलधारें यंत्रहि असतें. कोठें आजीचें शिवणयंत्र, कोठें माजघरांतील लंबकाचें घड्याळ, तर कोठें अंगणांत आच्छादनाखालीं उभी असलेली जुनी फियाट. पहिल्या दोहोंविषयीं घरांत वाद होत नाहीं; कारण तीं जागा थोडी अडवितात आणि खर्च मागत नाहींत. मोटारीचें तसें नाहीं. ती एके दिवशीं चढावर दम टाकते, मागून निळसर धूर सोडते, आणि त्या दिवसापासून घरांत तीन पक्ष पडतात. थोरले बंधु म्हणतात, वडिलांची गाडी आहे, इंजिन बांधून घ्यावें. मधले म्हणतात, हें काढून दुसरें बसवावें. धाकटे म्हणतात, भंगारांत द्यावी. आणि जिच्या हातीं घरखर्चाची वही असते ती गृहिणी विचारते, कीं मुळांत बिघडलें आहे तरी काय ? आमच्या मतें तिचाच प्रश्न पहिला आहे, आणि या महिन्याचें सदर त्या एका प्रश्नासाठींच आहे.

फियाट म्हणजे कोणती गाडी हें वडील वाचकांस सांगावयास नको; तरुण वाचकांसाठीं मात्र दोन शब्द लिहितों. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना मुंबईस कुर्ला येथें उभा राहिला. इटालीच्या फियाट कंपनीशीं झालेल्या करारानुसार तेथें ज्या गाड्या बांधल्या गेल्या, त्यांपैकीं १९६४ सालीं आलेली फियाट ११०० डिलाइट ही विशेष लोकप्रिय झाली. पुढें १९७० च्या दशकांत हिचेंच नांव प्रीमियर पद्मिनी असें झालें. तरी मराठी घरांत ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. पैसे भरून गाडीसाठीं कित्येक वर्षें वाट पाहावी लागे असा तो काळ होता; त्यामुळें आलेली गाडी जपून वापरणें आणि बिघडली तर दुरुस्त करणें हाच रिवाज पडला. शतक पालटण्याच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती मुंबईच्या रस्त्यांवर आणखी कांहीं काळ दिसत राहिली. परंतु टॅक्सीस घातलेल्या २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळें ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीहि सेवेंतून निघाली.

हा इतिहास येथें सांगण्यास व्यावहारिक कारण आहे. टॅक्सी होत्या तोंवर सुट्या भागांस कायमचें गिऱ्हाईक होतें आणि कारागिराच्या हातास रोजचा सराव होता. आतां दोन्ही आटत चाललें आहे. शिवाय उभ्या इंजिनाचें आपोआप नुकसान होत असतें. हवेंतील ओलाव्यानें नळकांड्यांस गंज चढतो, रिंगा आपल्या खांचांत चिकटून बसतात, रबरी भाग वाळून तडकतात. म्हणून ‘तूर्त झांकून ठेवूं, पुढें पाहूं’ असें म्हणणें हाहि एक निर्णयच आहे, आणि बहुधा तोच सर्वांत महाग पडतो.

इंजिन झिजतें म्हणजे काय होतें ?

फियाटच्या इंजिनांत चार नळकांडीं एका ओळींत असतात. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, आणि आंत खालीं-वर जाणाऱ्या दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धांव ७५ मिलिमीटर. शाळेंतील भूमिति येथें उपयोगी पडते. ३.४ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचें क्षेत्रफळ सुमारें ३६.३ चौरस सेंटिमीटर, त्यास ७.५ नें गुणिलें कीं २७२.२५ घन सेंटिमीटर. आणि त्याची चौपट १०८९. गाडीच्या कागदपत्रांत ‘१०८९ सीसी’ असा जो आंकडा असतो तो हाच. घरांतील शाळकरी मुलांकडून हा हिशेब अवश्य करून घ्यावा. यंत्राविषयींची भीति अशानेंच जाते.

आतां झिजेचा विचार करूं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असतां प्रत्येक पिस्टन ६००० वेळां नळकांडें ओलांडतो; म्हणजे मिनिटाला ४५० मीटर अंतर तो भिंतीशीं घासत जातो. भिंत आणि पिस्टन यांच्यामध्यें तेलाचा एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो, म्हणून हें शक्य होतें. परंतु नळकांड्याच्या माथ्याशीं ज्वाला सर्वांत तप्त, दाब सर्वांत अधिक आणि तेल सर्वांत कमी. त्यांत पिस्टन तेथें दिशा पालटतांना क्षणभर थांबतो, व थांबला कीं तेलाचा पापुद्रा तुटतो. म्हणून नळकांडें वरच्या बाजूस अधिक झिजतें. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा होऊन पिस्टनला एका कुशीवर रेटीत असल्यामुळें झीज सर्व बाजूंनीं सारखी होत नाहीं. सारांश, मूळचें गोल व सरळ नळकांडें कालांतरानें वर रुंद व किंचित् लांबट गोल होतें. गोल रिंग अशा नळकांड्यांत नीट बसत नाहीं. मग खालचें तेल वर चढून जळतें आणि वरचा दाब खालीं निसटतो. निळा धूर आणि चढावरचा दम हीं एकाच दुखण्याचीं दोन लक्षणें होत.

उघडण्यापूर्वींची परीक्षा

वैद्य जसा आधीं नाडी पाहतो, तसें इंजिन उघडण्यापूर्वीं कांहीं गोष्टी पाहिल्या पाहिजेत. पहिली गोष्ट तर इंजिनाची नव्हेच. गाडींतील गालिचे उचलून तळाचा पत्रा पाहावा, दारांखालच्या पट्ट्या दाबून पाहाव्यात. फियाटला वेगळा सांगाडा नाहीं; तिचें अंग हाच तिचा सांगाडा. हा पत्रा गंजून पोखरला असेल तर उत्तम इंजिन बांधूनहि गाडी सुरक्षित होत नाहीं. अशा वेळीं धाकट्या बंधूंचें म्हणणें बरोबर आहे, आणि तें ऐकण्यांत वडिलांचा अनादर नाहीं.

पत्रा शाबूत असेल तर धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक जात आहे. दोष बहुधा कार्बोरेटरचा, आणि त्यासाठीं इंजिन खोलण्याचें कारण नाहीं. इंजिन तापल्यावरहि पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचें पाणी कमी होत असेल, तर हेडखालचें गॅस्केट संशयास्पद. निळा धूर उतारावरून पाय काढून येऊन पुन्हां वेग देतांनाच निघत असेल, तर झडपांच्या मार्गिकांतून तेल गळत असावें. तो ओझ्याखालीं सतत निघत असेल, तर संशय रिंगा व नळकांडें यांवर येतो.

त्यानंतर दाबाची परीक्षा. तीस गॅरेजांत ‘कॉम्प्रेशन पाहणें’ म्हणतात. इंजिन गरम करावें, टॅपेटचें अंतर योग्य आहे याची खात्री करावी, चारहि स्पार्क प्लग काढावेत, ठिणगीची जोडणी सोडावी, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि भरलेल्या बॅटरीवर स्टार्टर फिरवून प्रत्येक नळकांड्याचा दाब मापकावर वाचून वहींत लिहावा. येथें एकट्या आंकड्यापेक्षां चार आंकड्यांचा मेळ महत्त्वाचा. ते एकमेकांशीं जुळत असतील, त्यांतील अंतर दहा टक्क्यांच्या आंत असेल आणि ते कारखान्याच्या पुस्तकांतील आंकड्याच्या जवळ असतील, तर इंजिन खोलूं नये. एखादा आंकडा खालीं असेल तर त्या नळकांड्यांत चमचाभर इंजिन-तेल सोडून पुन्हां मोजावें. दाब लक्षांत येईल इतका वाढला, तर गळती रिंगांपाशीं आहे, कारण तेलानें ती फट तात्पुरती बुजविली. दाब वाढला नाहीं, तर दोष झडपांचा किंवा गॅस्केटचा. शेजारशेजारचीं दोन नळकांडीं एकदम खालीं असतील, तर त्यांच्यामधलें गॅस्केट जळलें असण्याचा संभव मोठा.

या सगळ्यास अर्धा दिवसहि लागत नाहीं. तरी ज्या घरांत इंजिनाच्या कामावरून महिनोन्महिने वाद चालतात, त्यांपैकीं पुष्कळ घरांत हे चार आंकडे कोणीं लिहून ठेविलेले नसतात. कारागीर कान लावून म्हणतो, ‘साहेब, इंजिन पडलें,’ आणि घर तें प्रमाण मानतें. कारागिराचा कान तयार असतो हें खरें. पण आपल्या पैशाचा निर्णय दुसऱ्याच्या कानावर सोडूं नये.

बांधणी

परीक्षेनें दोष झडपांचा ठरला, तर केवळ हेड उतरवून झडपा घासून बसविल्यानें काम भागतें. हेड अॅल्युमिनियमचें व खालचा ठोकळा ओतीव लोखंडाचा. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. म्हणून पाण्याविना गाडी एकदां जरी फार तापली, तरी हेड वांकण्याचें भय असतें. तें सरळ पट्टी ठेवून तपासावें व आवश्यक तेवढेंच लेथवाल्याकडून सपाट करवावें. गरम इंजिनाचें हेड कधींहि सोडूं नये, आणि आंवळतांना त्याचे नट मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्यानें, मापाच्या पान्यानेंच आंवळावेत.

दोष रिंगांचा ठरला, तर मात्र मोहाची जागा येते. पुष्कळ ठिकाणीं ‘हाफ इंजिन’ म्हणून जुन्याच नळकांड्यांत नव्या रिंगा घालून देतात. नळकांडें अजून गोल असेल तर हें योग्यच आहे. पण तें लांबट झालें असेल, तर नवी गोल रिंग त्यांत जुनीइतकीच निरुपयोगी होय. धूर कांहीं दिवस कमी होतो, मग पुन्हां सुरू होतो, आणि इंजिन दुसऱ्यांदा उतरवावें लागतें. निर्णय येथेंहि मापानेंच करावा. प्रत्येक नळकांडें वर, मध्यें व खालीं, आणि प्रत्येक जागीं दोन काटकोनी दिशांनीं मोजावें. म्हणजे एकाचीं सहा मापें, चोहोंचीं चोवीस. हीं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत घ्यावयाचीं असतात. माणसाचा केस ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो, हें ध्यानांत घेतल्यास बोटानें चाचपून ‘ठीक आहे’ म्हणण्यास कांहीं अर्थ नाहीं हें कळून येईल.

झीज मर्यादेबाहेर असेल तर नळकांडें बोअर करून किंचित् मोठें करतात व त्याच मापाचे मोठे पिस्टन घालतात. येथें क्रम महत्त्वाचा : पिस्टन आधीं हातांत घ्यावेत, ते मोजावेत, आणि मग त्यांच्या मापानें बोअर करवावा. आधीं बोअर करून मग बाजारांत पिस्टन शोधीत फिरणें म्हणजे आधीं अंगरखा शिवून मग माणूस शोधणें होय. बोअर पूर्वींच शेवटच्या मापापर्यंत गेला असेल, तर लायनर बसवून मूळ मापावर येतां येतें. क्रँकशाफ्टहि तसाच मोजावा. तो लांबट झाला असेल तर घासून, त्या मापाचे बेअरिंग घालावेत. तेलाचा दाब कमी असण्याचें व खोल ठकठक येण्याचें कारण बहुधा येथेंच सांपडतें.

आणखी एक गोष्ट नव्या काळाची. हें इंजिन शिसेमिश्रित पेट्रोलच्या जमान्यांतलें आहे. देशांत तें पेट्रोल २००० सालीं बंद झालें, आणि २०२३ पासून विक्रीस आलेलें २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल २०२५ पर्यंत सर्वत्र झालें. शिसें झडपांच्या बैठकींचें रक्षण करी, तें गेलें. इथेनॉल जुन्या रबरास मानवत नाहीं, आणि त्याच्यामुळें मिश्रण कांहींसें विरळ होतें. तेव्हां इंजिन उतरलेंच आहे तर झडपांच्या बैठका कठीण धातूच्या कराव्यात, पेट्रोलच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घालावेत आणि कार्बोरेटरची जुळणी नव्यानें करावी. जुनी रबरी नळी फुटून तप्त इंजिनावर पेट्रोल सांडणें हा केवळ खर्चाचा प्रश्न नव्हे.

बांधलेलें इंजिन सुरू करण्यापूर्वीं स्पार्क प्लग काढून तेलाचा दाब येईपर्यंत तें नुसतें फिरवावें. पहिले कांहीं शें किलोमीटर गाडी न दामटतां, पण एकाच वेगानेंहि न ठेवतां, चढउतारावर मोकळी चालवावी. आणि पहिलें तेल लवकर बदलावें, कारण नव्या भागांची बारीक धातुधूळ त्यांत उतरलेली असते.

दुसरें इंजिन घालण्याविषयीं

मधल्या बंधूंच्या मताचाहि विचार निःपक्षपातीपणें केला पाहिजे. ‘मारुती ८०० चीं इंजिनें ढिगानें मिळतात, एक आणून घालूं,’ असें पुष्कळांच्या तोंडीं असतें. तें इंजिन ७९६ सीसीचें, तीन नळकांड्यांचें. आणि मारुती ८०० मध्यें तें आडवें बसून पुढचीं चाकें फिरवितें. फियाटचें इंजिन उभ्या दिशेनें बसून लांब दांड्यानें मागचीं चाकें फिरवितें. ओम्नी व्हॅनमध्यें तेंच ७९६ सीसीचें इंजिन फियाटप्रमाणें बसविलेलें असे हें खरें. तरी इंजिनाचे टेकू, क्लच, गिअरबॉक्स, दांडा, रेडिएटर आणि धुराचा नळ हीं सर्व जुळवावीं लागतात, आणि इतकें करून मंद वेगांत मूळच्यापेक्षां ओढ कमीच मिळते. उलट, अधिक शक्तीचें किंवा वजनदार डिझेल इंजिन घालावें, तर फियाटच्या पुढच्या स्प्रिंगा त्या वजनाच्या नाहींत, आणि तिच्या चारहि चाकांस जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आहेत. चालविण्याची शक्ति वाढविली आणि थांबविण्याची तेवढीच ठेविली, तर ज्या गाडींत आपण मुलाबाळांस बसवितों तिच्यांत जाणूनबुजून धोका उत्पन्न केला असें होईल.

कायद्याची बाजूहि आहे. गाडीच्या नोंदणीपत्रकांत इंजिनाचा क्रमांक असतो. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदलेल्या तपशिलांशीं विसंगत फेरफार परस्पर करतां येत नाहीं. इंजिन बदलावयाचें तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी घेऊन नवा क्रमांक पत्रकावर चढविला पाहिजे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर पांच-पांच वर्षांनीं नवी करावी लागते. त्या तपासणींत क्रमांक जुळला नाहीं तर गाडी अडकते. शिवाय २०२१ च्या नियमांनीं ५० वर्षांहून जुन्या गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी देऊं केली आहे. मात्र गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी, सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. १९६४ पासूनच्या डिलाइट आतां या वयांत आल्या आहेत. परकें इंजिन घालणारा हा दरवाजा आपल्याच हातानें लावून घेतो.

त्याच जातीचें जुनें इंजिन भंगारांतून आणणें हा मधला मार्ग कधीं कधीं रास्त असतो. मूळ ठोकळा तडकला असेल तर तोच उरतो. परंतु तेंहि उघडून, तींच चोवीस मापें घेऊनच बसवावें, आणि त्याच्या क्रमांकाचे कागद विक्रेत्याकडून अवश्य घ्यावेत.

शेवटीं घरच्या हिशेबाविषयीं. काम देण्यापूर्वीं सुटे भाग, लेथचें काम आणि मजुरी असे तीन रकाने करून लेखी अंदाज घ्यावा. काढलेले जुने भाग परत मागावेत. बोअरचें माप बिलावर लिहून घ्यावें. एकत्र कुटुंबांत खर्च कोणी किती सोसावयाचा हेंहि इंजिन उतरण्यापूर्वींच ठरवावें, कारण सुट्या झालेल्या इंजिनाभोंवतीं बसून केलेली वाटणी सहसा गोडीची होत नाहीं. पत्रा शाबूत असेल, ठोकळा तडकलेला नसेल आणि योग्य मापाचे पिस्टन हातीं आले असतील, तर मूळचेंच इंजिन बांधून घ्यावें. यांपैकीं ठोकळाच नसेल तर त्याच जातीचा दुसरा पाहावा. आणि पत्राच गेला असेल तर गाडीस मानानें निरोप द्यावा. कोणताहि निर्णय झाला तरी त्याच्या आधीं तीं मापें घरच्या वहींत उतरलेलीं असोत. तीं असलीं म्हणजे तिन्ही बंधूंस एकाच पानाकडे बोट दाखवून बोलतां येईल.

पुढील अंकीं आजीच्या शिवणयंत्राची निगा.